माखाची टेकडी आणि ओकचा खांब

विद्यार्थीमित्रांनो, आज प्रयोगशाळेत शिरण्याआधी एक गोष्ट ऐका.

आयर्लंड बेटाच्या उत्तरेकडील प्रांताला अल्स्टर म्हणतात. तेथे पूर्वी एक सधन शेतकरी राहत होता. त्याची बायको वारली होती. एके दिवशी एक अनोळखी, देखणी स्त्री त्याच्या घरात आली. कोणाशी चकार शब्द न बोलता ती चुलीपाशी बसली आणि सारा जन्म याच घरात गेल्यासारखी कामाला लागली. तिचे नाव माखा. शेतकऱ्याचा संसार पुन्हा उभा राहिला, घरात बरकत आली. काही काळाने माखाला दिवस गेले. त्याच सुमारास राजाने मोठी जत्रा भरवली. नवरा जत्रेला निघाला तेव्हा माखाने त्याला बजावले, "तिथे माझ्याविषयी अवाक्षरही काढू नका." पण राजाच्या घोड्यांनी शर्यत जिंकली, जो तो त्यांची स्तुती करू लागला आणि या गृहस्थांना राहवले नाही. ते म्हणाले, "यांच्याहून माझी बायको जोरात धावते!"

राजा संतापला. त्याने माखाला धरून आणवले. तिचे दिवस भरत आले होते. बाळंत होईपर्यंत तरी थांबा, असे तिने राजाला विनवले, जमलेल्या लोकांना विनवले. कोणाला दया आली नाही. शेवटी ती राजाच्या घोड्यांबरोबर धावली, जिंकली आणि शर्यतीच्या शेवटच्या खुणेपाशीच तिने जुळ्यांना जन्म दिला. तेव्हा तिने शाप दिला. अल्स्टरवर जेव्हा मोठे संकट येईल, नेमक्या तेव्हा येथल्या पुरुषांना बाळंतवेणा सुरू होतील, त्या पाच दिवस आणि चार रात्री टिकतील आणि नऊ पिढ्या हा भोग सुटणार नाही!

जुन्या आयरिश भाषेत 'एव्हिन' म्हणजे जुळी. म्हणून त्या जागेचे नाव पडले 'एव्हिन माखा', माखाची जुळी. हीच अल्स्टरच्या राजांची राजधानी. कोनोर राजाचा दरबार येथे भरे. पुढे शेजारच्या कॉनॉट प्रांताची राणी मेव्ह एका नामांकित तपकिरी वळूसाठी अल्स्टरवर चालून आली, तेव्हा शाप फळाला आला. सारे वीर वेणांनी लोळू लागले आणि कू-हुलिन नावाच्या एकट्या तरुणाने सीमा लढवली. 'टॉइन' या नावाने प्रसिद्ध असलेली ही कथा आयर्लंडमध्ये लहानथोरांना ठाऊक आहे.

गोष्ट संपली. आता तुमच्या मनात जो प्रश्न आला असेल तोच माझ्या वर्गातली मुलेही विचारतात. "सर, हे खरे घडले होते का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपण त्या जागी जाऊ. होय, ती जागा आहे!

बांध बाहेर, चर आत

उत्तर आयर्लंडमध्ये आर्मा नावाचे गाव आहे. या नावाचा मूळ अर्थच 'माखाची उंच जागा' असा आहे. गावाच्या पश्चिमेला दोन-अडीच किलोमीटरांवर एक बुटकी, गोलसर टेकडी लागते. हिमयुगातल्या हिमनद्यांनी माती-दगड लोटून असल्या शेकडो टेकड्या त्या भागात घडवल्या आहेत. या टेकडीला इंग्रजीत 'नॅव्हन फोर्ट' म्हणतात. हीच जुनी एव्हिन माखा.

नावात 'फोर्ट' आहे म्हणून तटबंदी, बुरूज, दरवाजे डोळ्यांपुढे आणू नका. तेथे दिसते ती हिरवळ. टेकडीभोवती मातीचा एक मोठा गोल बांध आहे आणि त्याला लागून खोल चर आहे. या वर्तुळाचा व्यास सुमारे २५० मीटर. आत गवताने झाकलेले दोन उंचवटे आहेत. त्यांतला मोठा सुमारे ४० मीटर रुंद व ६ मीटर उंच आहे. बस्स, एवढेच.

पण जरा थांबा आणि नीट पाहा. किल्ल्याला खंदक कोठे असतो? तटाच्या बाहेर. शत्रूने आधी खंदकात उतरावे आणि मग वर तटाकडे चढावे, तेवढ्यात वरून त्याच्यावर मारा करता यावा, यासाठी. येथे मात्र बांध बाहेर आणि चर आत! शत्रूला उंच जागा मिळावी आणि राखणदाराने खड्ड्यात उभे राहावे, अशी ही उलटी रचना आहे. हे बांधणाऱ्यांना किल्ला बांधता येत नव्हता असे म्हणायचे की त्यांना किल्ला बांधायचाच नव्हता असे म्हणायचे?

असा उलटा चर आयर्लंडमधल्या आणखी दोन राजस्थानांवर आढळतो, टारा आणि डून आलिन येथे. तीन ठिकाणी एकच चूक होणे कठीण. म्हणून पुरातत्त्ववेत्ते म्हणतात की हे वर्तुळ शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी नव्हते. आत जे काही पवित्र किंवा भयंकर होते, त्याची मर्यादा आखण्यासाठी ते होते. पाहा, अजून कुदळ हातात घेतलेली नाही आणि केवळ उतार कोणत्या बाजूला आहे एवढे पाहून आपण एका महत्त्वाच्या अनुमानापाशी पोहोचलो.

उंचवट्याच्या पोटात

१९६१ ते १९७१ या काळात डडली वॉटरमन या पुरातत्त्ववेत्त्याने येथे उत्खनन केले. उत्खनन म्हणजे पुस्तक शेवटच्या पानाकडून वाचणे. वरचा थर सर्वांत अलीकडचा आणि खालचा सर्वांत जुना.

मोठ्या उंचवट्याचा सर्वांत वरचा थर हिरवळीसकट कापून आणलेल्या मातीच्या ढेपांचा निघाला. त्याखाली चुनखडीच्या दगडांचा प्रचंड ढीग होता, मध्यभागी जवळजवळ तीन मीटर उंचीचा. दगड कसेही ओतलेले नव्हते. चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषांनी त्या ढिगाचे भाग पाडलेले होते. आणि त्या दगडांत उभ्या, पोकळ नळ्या सापडल्या! या नळ्या कसल्या? दगड रचले तेव्हा तेथे लाकडी खांब उभे होते. दगड खांबांभोवती रचले गेले. पुढे शतकानुशतके लाकूड कुजत गेले आणि खांबाच्या जागी खांबाच्या आकाराची पोकळी उरली. साचा राहिला, मूर्ती विरघळली.

या पोकळ्या आणि जमिनीतले खड्डे मोजल्यावर एका इमारतीचा आराखडा उभा राहिला. एकात एक वर्तुळांत रोवलेले पावणेतीनशेच्या आसपास खांब, बाहेर लाकडी भिंत, एकूण व्यास सुमारे ४० मीटर. अगदी मध्यभागी ओकचा एक जबरदस्त खांब. त्याचा खड्डा दोन मीटरांहून खोल होता आणि खांब सरकवत आणून उभा करण्यासाठी एका बाजूने उतरती चर खणलेली होती.

आणि आता नवल ऐका. या इमारतीत चूल नाही, जेवणाखाणाचा कचरा नाही, राहत्या घराच्या नेहमीच्या खुणा नाहीत. लोकांनी ती बांधली, ती उभी असतानाच दगडांनी भरली, बाहेरच्या भिंतीला आग लावली (भिंतीच्या फळ्यांची जळकी बुडे सापडली आहेत) आणि शेवटी सारे मातीच्या ढेपांखाली झाकून टाकले.

किती दगड लागले असतील? चला, हिशेब करू. त्रिज्या १८.५ मीटर धरली तर वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १,०७५ चौरस मीटर येते. ढीग कडेला उतरता आहे, म्हणून सरासरी उंची दीड मीटर धरू. घनफळ सुमारे १,६०० घनमीटर. दगडांमधल्या फटी वजा जाता दर घनमीटरला सुमारे १.६ टन धरा. उत्तर येते अडीच हजार टनांच्या आसपास! आजच्या दहा टनी ट्रकच्या अडीचशे खेपा. आणि हे सारे माणसांच्या व बैलांच्या बळावर, एका अशा इमारतीसाठी जिच्यात कोणी राहणारच नव्हते.

मग हे केव्हा झाले? येथे पदार्थविज्ञानाचे काम सुरू होते.

कार्बनचे घड्याळ

जुन्या लाकडाचे वय काढण्याची एक पद्धत तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचली असेल. हवेतील कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन अत्यल्प प्रमाणात असतो. झाड जिवंत असेपर्यंत तो आत घेत राहते. लाकूड तयार होऊन गेले की आवक थांबते आणि साठ्यातला कार्बन-१४ घटू लागतो. त्याचा अर्धायुकाल ५,७३० वर्षे. म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो.

आता सुमारे २,१०० वर्षांपूर्वीच्या लाकडात किती उरेल? १/२ चा २१०० ÷ ५७३० इतवा घात काढा. उत्तर सुमारे ०.७८ येते, म्हणजे शेकडा ७८. हे प्रमाण मोजताना शेकडा एकाची चूक झाली तर वयात किती चूक पडेल? जवळजवळ ८० वर्षे! शिवाय हवेतले कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळी सारखे नव्हते, त्याची दुरुस्ती वेगळी करावी लागते. म्हणून हे घड्याळ शतक दाखवते, चांगल्या प्रयोगशाळेत दशके दाखवते, पण साल दाखवत नाही. त्याला फक्त तासकाटा आहे असे म्हणा ना.

मिनिटकाटा दुसऱ्याच ठिकाणी सापडला. तो खांबाच्या लाकडातच होता.

झाडाची रोजनिशी

लाकडाच्या वखारीत गेलात तर एखाद्या ओंडक्याचा आडवा काप पाहा. एकाभोवती एक अशी वलये दिसतील. थंड प्रदेशातला ओक वसंतात व उन्हाळ्यात वाढतो आणि हिवाळ्यात थांबतो. म्हणून दर वर्षी एक वलय पडते. हवामान अनुकूल असेल तर वलय रुंद, वर्ष वाईट गेले तर अरुंद. एकाच प्रदेशातल्या ओकच्या झाडांनी तेच उन्हाळे आणि तेच हिवाळे भोगलेले असतात. म्हणून त्यांच्या वलयांची चढउतार साधारण सारखी असते. रुंद, रुंद, अरुंद, रुंद, अतिअरुंद... ही जणू त्या सालांची सही आहे.

आता युक्ती पाहा. आज तोडलेल्या झाडाचे शेवटचे वलय आजच्या सालचे. तेथून आत मोजत गेलो की प्रत्येक वलयाला साल लावता येते. समजा हे झाड २०० वर्षांचे आहे. एखाद्या जुन्या घराची तुळई १५० वर्षांपूर्वी तोडलेल्या झाडाची असेल, तर तुळईची बाहेरची वलये आणि आपल्या झाडाची आतली वलये ५० वर्षे एकमेकांशी जुळतील. जुळणी पक्की झाली की तुळईच्या सर्व वलयांना साले मिळाली! मग तुळईहून जुने चर्चचे लाकूड, त्याहून जुना पाणचक्कीचा खांब, त्याहून जुने दलदलीत गाडले गेलेले ओंडके. साखळीच्या कड्या अशा एकमेकींत अडकवत मागे मागे जायचे. जुळणी डोळ्यांनी पाहून भागत नाही. दोन मालिकांमधला सहसंबंध गणिताने काढावा लागतो, नाहीतर मनाला हवी तेथे जुळणी दिसू लागते.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात माइक बेली, जॉन पिल्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे हे चिकाटीचे काम केले. जेथे आयरिश लाकडांची साखळी तुटे तेथे इंग्लंड आणि जर्मनीतल्या ओकची मदत झाली. १९८४ साली त्यांनी जर्मन शास्त्रज्ञांसह ७,२७२ वर्षांची अखंड साखळी प्रसिद्ध केली. एकही वर्ष न गाळता! यातला आणखी एक आनंद असा की ज्या वलयाचे साल पक्के ठाऊक आहे त्यातला कार्बन-१४ मोजला म्हणजे कार्बनच्या घड्याळाची चूक कळते. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अशा दुरुस्त्यांत आयरिश ओकवर बेलफास्टला घेतलेली मापे होती. म्हणजे झाडाने घड्याळाला वेळ लावून दिली.

आपल्याकडे बारमाही हिरव्या झाडांत वलये स्पष्ट नसतात. पण साग पानगळीचा, त्याची वलये नीट दिसतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाळ्यांचा अभ्यास झालेला आहे.

खांब बोलला

आता आपल्या मधल्या खांबाकडे वळू. बाकीचे खांब कुजून गेले, पण याचे बूड इतके खोल आणि ओल्या मातीत होते की तेथे हवा पोहोचली नाही. हवा नाही म्हणून लाकूड खाणारे जीवाणू व बुरशी यांचे फावले नाही. एका खांबाचे बुंध्याकडचे टोक दोन हजार वर्षे टिकून राहिले.

सालीलगतचे फिकट, कोवळे लाकूड शिल्लक असेल तरच झाड नेमके केव्हा तोडले ते कळते. बाहेरची वलये तासली गेली असतील तर फक्त "या सालानंतर केव्हातरी" एवढेच म्हणता येते. येथे शेवटचे वलय शाबूत होते. बेली यांनी ती मालिका साखळीशी ताडून पाहिली. निकाल असा आला की हे झाड इ. स. पूर्व ९५ च्या अखेरीस किंवा ९४ च्या सुरुवातीस, म्हणजे त्या हिवाळ्यात तोडले गेले.

क्षणभर विचार करा. ज्या समाजाने आपल्या राजाचे नाव लिहून ठेवले नाही, मोहिमेची तारीख ठेवली नाही, एक ओळ लिहिली नाही, त्याच्या जीवनातली एक घटना आपल्याला सालासकट, ऋतूसकट कळली!

खरे की खोटे?

आता पुन्हा माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे येऊ. मध्ययुगीन कथांच्या हिशेबाने कोनोर राजा येशू ख्रिस्ताचा समकालीन होता. येशूला क्रुसावर चढवल्याची वार्ता ऐकूनच तो मेला, असे एक कथा सांगते. खांब इ. स. पूर्व ९५ चा. म्हणजे कथा आणि खांब यांच्यात साधारण सव्वाशे वर्षांचे अंतर. आणि या कथांच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी एक इ. स. ११०० च्या सुमाराचे, ख्रिस्ती मठवासीयांनी लिहिलेले. मधल्या बारा शतकांचा विचार केला तर सव्वाशे वर्षे म्हणजे काहीच नव्हे. टाळ्या वाजवून "कोनोरचा दरबार सापडला!" असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल.

येथेच सावध राहायला हवे. खांबाने आपल्याला काय सांगितले? एक ओक केव्हा तोडला गेला, एवढेच. कोणी तोडला, कोणत्या राजाच्या आज्ञेने, कोणत्या देवासाठी, हे त्याने सांगितलेले नाही. माप कितीही अचूक असले तरी ते विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. तुमच्या वर्नियर कॅलिपरने गोळीचा व्यास शतांश सेंटिमीटरपर्यंत मोजला म्हणून ती गोळी काचेची की पोलादाची हे कळत नाही. तसेच हे. उलट, चूल नसलेली, दगडांनी भरलेली, जाळून झाकलेली ही इमारत राजवाडा नव्हती असेच बाकीचा पुरावा सांगतो. मेजवान्या झोडणाऱ्या राजाचा दरबार येथे भरत असेल तर तो या छपराखाली नव्हे.

मग गोष्ट खोटी? तसेही म्हणता येत नाही. बांध आणि उंचवटा सोडून सारे मातीखाली गेल्यावरही बारा शतके लोकांनी एक गोष्ट विसरली नाही, ती म्हणजे ही जागा साधी नाही. व्यक्ती बदलल्या, प्रसंग रंगले, पण जागेचे महत्त्व स्मरणात राहिले. विज्ञानाने कथेवर खरेखोटेपणाचा शिक्का मारला नाही. कथेत काय शोधावे आणि काय शोधू नये, हे मात्र शिकवले.

माकड, डुकरे आणि कर्णा

या खांबांच्या इमारतीखाली आणखी जुनी बांधकामे सापडली. एक मोठे व एक लहान अशी दोन वर्तुळे जोडून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दिसणारी गोल लाकडी घरे, त्याच जागी पुन्हा पुन्हा बांधलेली. त्या थरांत वॉटरमन यांना एक कवटी सापडली. ती माणसाची नव्हती, आयर्लंडच्या कोणत्याही प्राण्याची नव्हती. ती होती उत्तर आफ्रिकेतल्या बार्बरी माकडाची! मराठीत आपण माकड आणि वानर यांत फरक करतो. हे बिनशेपटीचे असले तरी आपल्या लाल तोंडाच्या माकडाच्याच कुळातले. इसवी सनापूर्वीच्या त्या शतकांत हा प्राणी समुद्रमार्गाने एवढ्या दूर आला, तो बहुधा कोणा बड्या माणसाला नजराणा म्हणून.

येथे खाल्लेल्या जनावरांच्या दातांनी आणखी एक वार्ता दिली. स्ट्राँशियम या मूलद्रव्याच्या ८७ आणि ८६ या समस्थानिकांचे गुणोत्तर खडकागणिक बदलते, कारण स्ट्राँशियम-८७ हा रुबिडियम-८७ च्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून हळूहळू वाढत जातो. जुन्या खडकांत ते प्रमाण सहसा अधिक असते. ते मातीतून गवतात आणि गवतातून दातांच्या वेष्टनात उतरते. म्हणजे दात पाहून जनावर कोठल्या जमिनीवर वाढले ते ताडता येते. २०१९ साली कार्डिफ विद्यापीठाच्या रिचर्ड मॅजविक यांच्या गटाने येथील ३५ जनावरांची अशी तपासणी प्रसिद्ध केली. डुकरे, गुरे, मेंढ्या दूरदूरच्या निरनिराळ्या मुलखांतून आलेली होती. डुक्कर हाकत नेणे किती अवघड असते ते गावाकडच्या मुलांना सांगायला नको. तरीही लोकांनी आपापली डुकरे येथवर आणली. म्हणजे एव्हिन माखाला साऱ्या मुलखाचा मेळा भरत होता.

टेकडीच्या ईशान्येला लॉखनाशेड नावाचे लहानसे तळे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या काठच्या दलदलीतून काशाचे चार मोठे वक्र कर्णे निघाले. त्यांतला एकच आज उरला आहे, तो डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सुमारे दोन मीटर लांबीचा, पातळ पत्र्याच्या कडा रिव्हेटांनी जोडून बनवलेला. कथेतल्या राजाचा आवाज आपल्याला ऐकू येणार नाही. पण मेळ्याच्या दिवशी घुमणारा आवाज कशातून येत असेल, ते मात्र डोळ्यांनी पाहता येते.

कुदळ न लावता

उत्खननात एक मोठी उणीव आहे. थर उलगडला की तो नष्ट होतो, पान वाचले की फाडून टाकावे लागते. वॉटरमन १९७९ साली वारले. त्यांच्या उत्खननाचा संपूर्ण अहवाल ख्रिस लिन यांनी पुरा केला आणि तो १९९७ साली निघाला. नोंदी जपून ठेवल्या होत्या म्हणूनच हे शक्य झाले.

आता जमिनीला हात न लावता आत डोकावता येते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ५०,००० नॅनोटेस्ला असते. जुना चर पुढे मातीने भरतो, तेव्हा त्या मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडांमुळे तेथले क्षेत्र एखाद-दुसऱ्या नॅनोटेस्लाने बदलते. जेथे आग पेटली होती तेथेही असाच फरक पडतो. संवेदनशील चुंबकत्वमापी घेऊन शेतात पावलापावलाने चालायचे आणि आकड्यांचा नकाशा काढायचा. विद्युत्रोध मोजूनही असेच कळते. ओली, मऊ भर वीज सहज वाहू देते, तर दगडी पाया अडवतो. २०२० साली क्वीन्स विद्यापीठाचे पॅट्रिक ग्लीसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एव्हिन माखाच्या अशा पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गवताचे एक पातेही न उपटता त्यांना मोठमोठ्या, जोडवर्तुळाकार इमारतींच्या खुणा जमिनीखाली दिसल्या. वॉटरमन यांनी ज्या टेकडीचा एक कोपरा वाचला होता, तिच्यात अजून बरेच काही शिल्लक आहे.

खाणीच्या काठावर

पण हे वाचायला टेकडी तर उरली पाहिजे! ज्या चुनखडीने पूर्वजांना अडीच हजार टन दगड दिले, तीच पुढे तिच्या जिवावर उठली. जवळच चुनखडीची खाण सुरू होती आणि ती वाढत वाढत या पुरातन परिसराला भिडली. खाण आणखी वाढवण्याची मागणी आली. तेव्हा लोकांनी आवाज उठवला आणि १९८५ साली जाहीर चौकशी झाली. खाणवाल्यांचीही बाजू होती. दगड हवा असतो, रोजगार हवा असतो. प्रश्न एवढाच होता की राखायचे म्हणजे काय राखायचे? नुसता तो ६ मीटरांचा उंचवटा, की कर्णे ज्यात वाहिले ते तळे, कांस्ययुगातला मानवनिर्मित डोह आणि आसपासची शेते, सारे मिळून? निर्णय झाला तो या साऱ्या परिसराच्या बाजूने. खाणीची वाढ नाकारली गेली. २०२० च्या पाहणीतले आकडे ज्या जमिनीतून आले, ती जमीन अशा निर्णयांमुळे शिल्लक आहे.

मित्रांनो, दगड पुन्हा दुसरीकडून आणता येतो. पण ज्या खड्ड्यात ओकचे बूड दोन हजार वर्षे जपले गेले, तो खड्डा एकदा यंत्राने खरवडला की जगातली कोणतीही प्रयोगशाळा तो परत देऊ शकत नाही. उद्या कोणती नवी मोजणी निघेल आणि ती मातीच्या कोणत्या चिमटीतून काय वाचेल, हे आज सांगता येत नाही. १९६१ साली कुदळ मारणाऱ्याला डुकराच्या दातातले स्ट्राँशियम कोठे ठाऊक होते? पण त्याने ते दात फेकून दिले नाहीत.

आता तुमच्यासाठी दोन कामे. पहिले, इ. स. पूर्व ९५ च्या हिवाळ्यापासून या वर्षीच्या हिवाळ्यापर्यंत किती वर्षे झाली ते काढा. ध्यानात ठेवा, इ. स. पूर्व १ नंतर लगेच इ. स. १ येते, शून्य साल नाही! दुसरे, वखारीतून सागाचा एखादा आडवा काप मिळवा, त्याला पाण्याने पुसा, भिंग घ्या आणि सालीकडून आत वलये मोजत जा. तुमच्या जन्मसालच्या वलयावर टाचणी टोचा. मग वडिलांच्या, मग आजोबांच्या. एखादे वलय फारच अरुंद दिसले, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, "त्या वर्षी पाऊस कसा होता?"

ते एखादी गोष्ट सांगतील. ती लिहून ठेवा आणि शेजारी वलयाची रुंदीही लिहा.